पोटॅशने खाल्लेले बारा बोल्ट : यावल तालुक्यातल्या एका ठिबक शेडचे प्रकरण

मे महिन्याचा तिसरा आठवडा, दुपारचे पावणेचार. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी केळी करणाऱ्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात, इथेही तेच म्हणू. "मिस्तरी, फिल्टरचे बोल्ट निघू नाही राह्यले, अन् पोराचा हात भाजला."

बोल्ट आणि भाजलेला हात एका वाक्यात कसे आले, हे विचारायची ती वेळ नव्हती. हातावर काही चोपडू नका, गार पाण्याखाली वीस मिनिटे धरा, एवढे सांगितले. काकू तोवर टूथपेस्टची ट्यूब घेऊन आल्या होत्या, ती थांबवली. पण गार पाणी आणायचे कुठून? मेमधल्या दुपारी काळ्या पाइपातून पहिली पाच मिनिटे चहाला चालेल असे पाणी येते. शेवटी सालदाराने झोपडीतला रांजण उपसून तांब्या-तांब्याने पाणी ओतले. हातावर फोड आले होते, म्हणून मग ग्रामीण रुग्णालयात नेले. मनगटापासून कोपरापर्यंत वरची कातडी, भुवया आणि कपाळावरचे केस, एवढ्यावर निभावले. तीन आठवड्यांत हात भरून आला.

बोल्टचे काम मी दुसऱ्या दिवशी पहाटे हातात घेतले. ते उरकायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत काय केले आणि आदल्या दुपारी काय चुकले होते, ते पुढे लिहितो. माझे स्वतःचे वर्कशॉप आहे आणि पेट्रोलने हात धुण्यात माझीही वीस वर्षे गेली. तेव्हा हे लिहिताना मी कुठल्या उंच ओट्यावर बसलेलो नाही.

शेड आणि गंज

नानांची मृगबाग जूनमध्ये लागायची होती. त्याआधी ठिबकच्या सँड फिल्टरमधली वाळू बदलणे भाग होते. फिल्टरच्या आतल्या आणि बाहेरच्या गेजमधला दाबाचा फरक चौरस सेंटीमीटरला एक किलोवर गेला होता आणि बॅकवॉश करून, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुऊनही तो खाली येत नव्हता. वाळू बदलायची तर वरचे झाकण उघडायचे, म्हणजे आठ बोल्ट. शेजारच्या बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या व्हॉल्व्हचे गॅस्केट गळत होते, तिथले चार स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट. एकूण बारा, सगळे बारा एमएमचे, एकोणीसच्या पान्याचे.

शेड पत्र्याची. आठ फूट लांब, सहा रुंद, सात उंच, आणि दार एकच, तेही पश्चिमेला. आत सँड फिल्टर, जाळीचा फिल्टर, ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारी व्हेंचुरी, दोनशे लिटरचा खताचा ड्रम आणि फिल्टरला खेटूनच कमरेएवढ्या उंचीवर सबमर्सिबलचे पॅनल. त्यात ऑटो स्विच. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, तीही मध्येच जाते-येते, म्हणून आमच्याकडे बहुतेक पॅनलला ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते. कोपऱ्यात ठिबक साफ करायच्या ॲसिडचे कॅन, त्याला लागून ब्लीचिंग पावडरची गोणी.

झाकणाचे बोल्ट बघितले तर नट आणि वॉशर वेगळे ओळखू येत नव्हते. तपकिरी ढेपळे आणि त्यावर पांढरी साय. ही साय पोटॅशची. केळीला पोटॅश भरपूर लागते आणि ठिबकमधून जाते ते बहुधा म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठाचाच भाऊ. ड्रमचा कॉक गळका, त्याचे थेंब झाकणावर उडत, पाणी वाळे आणि क्षार उरे. रात्री हवेतला ओलावा ओढून तोच क्षार पुन्हा ओला होई. क्लोराइड असले की लोखंडावरचा गंजाचा थर आतल्या धातूला राखत नाही, उलट सच्छिद्र होऊन गंज आत सरकू देतो. त्यात ॲसिडच्या कॅनचे झाकण अर्धवट फिरवलेले. मिठाच्या आम्लाची, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ बंद शेडमध्ये रोज थोडी थोडी सुटत होती. जळगाव जिल्ह्यात हवा वर्षातले आठ महिने कोरडी, त्यामुळे उघड्यावर पडलेला नांगरही पटकन सडत नाही. इथे शेडच्या आत मात्र कोकणातल्या बंदरासारखी अवस्था.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये फट असते मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. तिथे गंज तयार झाला की तो फुगून दोन्ही बाजूंना पाचर मारतो. म्हणून गंजलेला नट नुसता चिकटलेला नसतो, तो आतून ताठलेला असतो. इथे जोर लावला की आटे सुटायच्या आधी बोल्टची मान पिळली जाते.

आदल्या दुपारी

हात भाजला तो नानांचा पुतण्या, बावीस वर्षांचा, हाताला काम असलेला मुलगा. सालदाराला मदतीला घेऊन त्याने फिक्स पान्याने सुरुवात केली. फिक्स पाना बोल्टच्या दोनच कडा धरतो. तो दोनदा सटकला आणि दोन बोल्टांची डोकी गोल झाली. तिसऱ्याला त्याने पान्यात तीन फुटी पाइप घातला. बोल्ट निघाला, पण अर्धाच. मान तुटून हातात आली.

मग मोबाइलवर कुठेतरी बघितलेला उपाय आठवला. पातळ सॉल्व्हंट आणि तेल एकत्र करून सोडायचे. घरात थिनर नव्हते. मोटरसायकलचे पेट्रोल होते, पाण्याच्या बाटलीत काढलेले, आणि ट्रॅक्टरचे जळके ऑइल होते. दोन्ही घमेल्यात ओतून ब्रशने बोल्टांवर चोपडले. साधारण अर्धा लिटर पेट्रोल गेले असेल, त्यातले बरेच खाली सिमेंटवर. बाहेर लू चालू होती म्हणून दार लोटून घेतलेले. लाईट दुपारी गेलेली. साडेतीनच्या सुमारास ती आली, ऑटो स्विचने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा मोठा स्विच, ओढला आणि त्याच्या ठिणगीवर, पुतण्याच्या शब्दांत, "भप्प झालं काका, अन् खालची फरशी निळी दिसली."

आग विझवली सालदाराने. फिल्टरसाठी आणलेल्या नव्या वाळूच्या गोण्या दाराशीच होत्या. एक फाडून त्याने घमेल्यावर आणि फरशीवर उलटी केली. कुणी शिकवले नव्हते. पाणी मारले असते तर पेट्रोल पाण्यावर तरंगत दाराबाहेर पसरले असते, आणि दाराशीच ठिबकच्या नळ्यांचे भेंडोळे होते.

नानांना वाटत होते, एवढ्याशा पेट्रोलने एवढे कसे? त्यांना मी फरशीवरच खडूने हिशोब मांडून दाखवला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती तळाशी साचते. हवेत तिचे प्रमाण वाढत १.४ टक्क्यांच्या आसपास पोचले की मिश्रण पेट घेऊ शकते. शेडच्या तळातला एक फूट उंचीचा थर धरा. आठ गुणिले सहा गुणिले एक, ४८ घनफूट, म्हणजे सुमारे १,३६० लिटर हवा. त्याचे १.४ टक्के म्हणजे १९ लिटर वाफ. एक लिटर पेट्रोल उडाले की पावणेदोनशे लिटरच्या आसपास वाफ होते. म्हणजे तो थर पेटता व्हायला पेट्रोल लागते जेमतेम शंभर मिलिलिटर. चहाचा एक कप. इथे ओतले होते पाच कप.

"मंग रॉकेल वापरलं असतं तर?" नानांनी विचारले. या एका प्रश्नासाठी हे प्रकरण लिहावेसे वाटले.

फ्लॅश पॉइंट म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेटेल एवढी वाफ जमा व्हायला लागते ते तापमान. पेट्रोलचा उणे चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे ते बारा महिने तेरा त्रिकाळ पेटायला तयार. ॲसिटोनचा उणे वीसच्या जवळ. रॉकेलचा मात्र भारतीय मानकाप्रमाणे किमान ३५ अंश हवा. डिझेललाही किमान ३५ चीच अट आहे. प्रत्यक्षातले डिझेल साधारण त्याच्या बरेच वर असते, पण हमी तेवढीच. पुस्तकात लिहिलेले असते की रॉकेल सामान्य तापमानाला सहज पेट घेत नाही. ते खरे आहे. पुस्तकातले सामान्य तापमान २०-२५ अंशांचे असते. भुसावळ-यावलकडे मेमध्ये सावलीतला पारा ४५ ला टेकतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी त्या शेडमध्ये थर्मामीटर टांगून बघितला, ४७ दाखवत होता. या हवेत रॉकेल आपल्या फ्लॅश पॉइंटच्या दहा-बारा अंश वर असते. जानेवारीत ज्या रॉकेलमध्ये काडी विझेल, तेच मेमध्ये बंद शेडमध्ये पेट्रोलसारखे वागू शकते. आमच्या गॅरेजांतले बरेचसे शहाणपण हिवाळ्यात शिकलेले असते आणि उन्हाळ्यात वापरले जाते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

आणि एवढे करून ते मिश्रण बोल्टात उतरलेही नव्हते. फटीत तेल शिरते ते केशाकर्षणाने, दिव्याची वात तेल ओढते तसे. त्याला द्रव पातळ हवा आणि फटीत टिकणाराही हवा. पेट्रोल पातळ, पण त्या उकाड्यात दोन मिनिटांत उडून गेले. मागे राहिले जळके ऑइल. ते जाड, काजळीने भरलेले, आट्यांच्या तोंडाशीच बुच मारून बसले. दुसऱ्या दिवशी माझा पहिला तास ते पुसण्यात गेला.

बोल्ट काढले ते असे

पहाटे सहाला गेलो. आधी मीटरपेटीतले तिन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून खिशात घातले. ऑटो स्विच बंद करून भागत नाही, कोणी ना कोणी येऊन तो चालू करतेच. खिशातला किटकॅट मागायला माझ्याकडेच यावे लागते. दार बिजागरीवरून उतरवले, समोरच्या बाजूचा एक पत्रा खालून सोडवून वर बांधला. वारा आरपार वाहू लागला. ॲसिडचे कॅन आणि ब्लीचिंगची गोणी बाहेर काढून एकमेकांपासून लांब ठेवली. ही दोन एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि नानांकडे ती तीन वर्षे मांडीला मांडी लावून बसली होती. मग ड्रेन उघडून फिल्टरमधला दाब आणि पाणी काढले.

त्यानंतर तेल नाही, पाणी. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पोटॅशच्या सायीवर तेल मारले तर ते वरच्या वर राहते. पोटॅश तेलात विरघळत नाही, पाण्यात झटकन विरघळते. दोन बादल्या कोमट पाणी, तारेचा ब्रश आणि जुना टूथब्रश घेऊन बाराही बोल्ट धुतले. पांढरे गेले, खाली आट्यांच्या रेषा दिसू लागल्या. ऊन चढेपर्यंत ते वाळले.

मग गंज सोडवायचा स्प्रे. या प्रकारात सगळ्यांना माहीत असलेले नाव डब्ल्यूडी-४०. ते १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला तयार झाले. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणे, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या खेपेला जमले ते. ॲटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्याला गंज चढू नये यासाठी ते पहिल्यांदा वापरात आले. म्हणजे त्याचे मूळ काम पाणी हटवून गंज रोखणे, नट सोडवणे हे पुढे जोडलेले काम. जुन्या गंजाला मी खास पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून विकले जाते ते घेतो. पण खरे सांगायचे तर कोणता डबा, यापेक्षा किती वेळ, याला जास्त महत्त्व आहे. ॲसिटोन आणि एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल, निम्मे-निम्मे करण्याची कृती बरीच फिरते. थंडीत, मोकळ्या हवेत ती मीही केली आहे. दोन्ही नीट मिसळत नाहीत, दर वेळी बाटली हलवावी लागते. ॲसिटोन ५६ अंशांना उकळते, तेव्हा मेमध्ये उन्हात ठेवलेली त्याची बाटली नुसती बघूनही मला घाम फुटतो. स्प्रेच्या डब्याचेही तसेच. आत दाबाखालचा वायू असतो, बहुतेकदा तोही पेटणारा, आणि डब्यावर ५० अंशांच्या वर ठेवू नका असे छापलेले असते. उभ्या जीपच्या काचेमागे दुपारी तेवढे सहज होते. माझे डबे भिजवलेल्या गोणपाटात असतात.

सकाळी आठला पहिला हात. प्रत्येक नटाच्या दोन्ही तोंडांना थोडे थोडे, ओघळ येईल एवढे नाही. मग अर्ध्या किलोच्या हातोडीने नटाच्या सहाही बाजूंवर हलके ठोके. ठोक्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. जोराने मारलेत तर आटे चेपतात. दुपारी बाराला दुसरा हात, संध्याकाळी पाचला तिसरा. मधल्या वेळात नाना तीनदा म्हणाले, "आता बघा ना लावून." मी लावला नाही.

साडेपाचला रिंग पाना. पहिली हालचाल सोडण्याच्या दिशेने नाही, आवळण्याच्या. अगदी अर्धा दोरा. कुर्रर्र असा आवाज आला की गंजाची पकड सुटली. मग उलटे, पाव फेरा. पुन्हा पुढे. पुन्हा तेल. झाकणाचे डोके शाबूत असलेले पाच बोल्ट होते, त्यातले तीन त्या संध्याकाळी निघाले. दोन रात्रभर भिजू दिले, ते दुसऱ्या सकाळी पुढे-मागे करत वीस मिनिटांत सुटले. आदल्या दिवशी तुटलेला बोल्ट आरपारचा होता, तो खालून ठोकून काढला, त्याचे दुःख नाही. डोके गोल झालेल्या दोघांपैकी एकावर अठराची सहा कोनी गोटी, म्हणजे सॉकेट, हातोडीने ठोकून बसवली, तो आला. दुसऱ्याचा नट छिन्नीने चिरला. ग्राइंडर हाताशी होता, पण ज्या शेडमध्ये काल भडका उडाला तिथे ठिणग्या उडवायला माझे मन धजावले नाही. छिन्नीने पाच मिनिटे जास्त लागली.

व्हॉल्व्हचे चार स्टड वेगळ्या जातीचे. ते बीडात आटे पाडून बसवलेले, तुटले तर आतच राहतात. दोन तेलावर निघाले. उरलेल्या दोघांसाठी अख्खा व्हॉल्व्हच पाइपासकट सोडवून बाहेर निंबाखाली आणला, कारण आता आच द्यायची होती. शेडमध्ये पीव्हीसीचे पाइप होते. पीव्हीसी जळले की मिठाच्या आम्लाचा धूर निघतो, ते फुफ्फुसात नको. आणखी एक गोष्ट शहरातल्या गॅरेजवाल्यांसाठी. काही ब्रेक क्लीनर क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटचे असतात. ते मारलेल्या भागावर गॅस किंवा वेल्डिंग चालवले तर फॉस्जिन तयार होऊ शकतो, जो पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला गेला. डब्यावरचे घटक वाचल्याशिवाय आच लावू नये. मी व्हॉल्व्ह साबणाच्या पाण्याने धुतला, पुसला, वाळवला, तेलाच्या चिंध्या लांब नेल्या आणि मग टॉर्च पेटवला.

आच स्टडला द्यायची नाही, त्याच्या भोवतीच्या बीडाला द्यायची. भोक फुगायला हवे, स्टड नव्हे. हिशोब असा की १२ एमएमचे भोक ३०० अंशांनी तापले तर सुमारे ०.०४ एमएम मोठे होते. कागदाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी, पण गंजाची पाचर ढिली व्हायला तेवढे पुरते. बीड एकाच जागी तापवले तर तडकते, म्हणून ज्योत गोल फिरती ठेवली. थोडे निवल्यावर, अजून चटका बसेल असे असताना, स्टडच्या मुळाशी साधी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आटे त्याला आत ओढून घेतात, तेलासारखे धूर होऊन उडत नाही. दोन मिनिटे थांबून पाना लावला आणि तो लोण्यातून सुरी यावी तसा आला. पुतण्या हाताला पट्टी बांधून खाटेवर बसला होता, तो उठून बघायला आला.

चौथा मात्र तुटला, पृष्ठभागाच्या बरोबर. तिथे मी घाई केली, कबूल आहे. ऊन चढले होते आणि तिसऱ्याचा आनंद डोक्यात होता. त्याला वर्कशॉपवर नेले. तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचा ईझी आऊट लावला नाही. तो कडक आणि ठिसूळ असतो, आत तुटला तर त्याला ड्रिलही खात नाही. मधोमध पंच मारून आधी ३, मग ६, मग १०.२ चा ड्रिल चालवला, आट्यांत उरलेली सालपटे टोच्याने काढली आणि आटे पाडायचा १२ चा टॅप फिरवला. मधोमध पंच बसणे हेच त्यातले सगळे कौशल्य, बाकी मशीन करते.

जोडताना

नवे बोल्ट स्टेनलेसचे घेतले. लोखंडाच्या मोठ्या फ्लँजमध्ये स्टेनलेसचा छोटा बोल्ट चालतो. उलटे, म्हणजे स्टेनलेसच्या मोठ्या भांड्याला लोखंडी बोल्ट लावला तर तो बोल्ट झपाट्याने सडतो. स्टेनलेसची खोड अशी की कोरडे आवळले तर आटे एकमेकांना चावून बसतात, म्हणून आटे चावू नयेत यासाठीची अँटीसीझ पेस्ट लावली आणि हाताने सावकाश फिरवले, मशीनने नाही. समोरासमोरचे बोल्ट आलटून-पालटून आवळले.

पॅनल शेडच्या बाहेरच्या भिंतीवर पावसाळी पेटीत गेले. ॲसिड गोठ्यामागच्या मोकळ्या ओट्यावर, ब्लीचिंग घराच्या माळ्यावर. पाण्याच्या बाटलीतले उरलेले पेट्रोल मी स्वतः मोटरसायकलच्या टाकीत ओतले आणि बाटली ठेचून टाकली. मेमध्ये तहानलेला माणूस बाटली नाकाला लावून बघत नाही, सरळ तोंडाला लावतो. पेट्रोल किंवा रॉकेल पोटापेक्षा फुफ्फुसात गेले तर जास्त वाईट, म्हणूनच कोणी प्यायले तर उलटी करवायची नसते, तडक दवाखाना गाठायचा. पुतण्याला नायट्राइलच्या हातमोज्यांची एक जोडी दिली. घरातले साधे रबरी मोजे पेट्रोलमध्ये फुगून लिबलिबीत होतात. पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकते, आणि बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो. हे त्याला सांगताना मी स्वतःच्या हातांकडे बघत होतो.

ऑक्टोबरात कांदेबागेच्या आधी नानांनी पुन्हा बोलावले, फिल्टरची वाळू बघायची होती. झाकणाचे आठही नट रिंग पान्याला नुसत्या मनगटाने सुटले. व्हॉल्व्हचा एक स्टड जरा अडला. वाकून बघितले तर मुळाशी पुन्हा पांढरी साय धरलेली. ड्रमचा कॉक अजून गळतोच आहे.